मी मागेपर्यंत
छत्तीस वर्षं रेल्वेत वायरिंग केलेल्या दीनानाथरावांनी गरम-थंड हवेचा पंखा दुरुस्तीला उघडण्याआधी भिंतीवरच्या बोर्डातला फ्यूज काढून बायकोच्या हातात दिला. “मी मागेपर्यंत द्यायचा नाही आणि मध्ये बोलायचं नाही!” अहल्याबाई मूठ मिटून बसल्या. रावांनी सुटलेली तार जोडली, बटण दाबलं. पंखा ढिम्म हलेना. “अहो...” “मध्ये नाही बोलायचं!” कपॅसिटर बदलला, थर्मोस्टॅट बदलला. टेस्टर पेटेना, तेव्हा टेस्टरच बाद ठरवून शेजारच्या पटेलांचा आणला. तोही पेटेना. “पटेलांचाही बाद!” अहल्याबाईंची मूठ घामेजली. शेवटी, रावपुऱ्यातल्या ज्या इलेक्ट्रिशियनला ते कायम नावं ठेवत, त्यालाच पडेल आवाजात फोन गेला: “भाई, जल्दी आवो ने, मोटर गई.” फोन ठेवून ते मटकन बसले. “छत्तीस वर्षांची अब्रू गेली! अगं, आता तरी बोल!” अहल्याबाईंनी मूठ उघडली. “मागताय का?”