नडग्यांवरची जाळी

"खूण सांगा. चेहऱ्यावरून नाही कळायचं."

शवागाराचा मदतनीस जमिनीकडे बघतच बोलला. सकाळी काचेच्या भट्टीची कमान कोसळली. खाली तिघे होते. कमरेच्या वर कुणाचंच काही ओळखू येण्यासारखं उरलं नव्हतं. चड्ड्या कारखान्याच्या, एकसारख्या.

तिला विचार करावा लागला नाही.

"नडग्यांवर जाळी आहे. तपकिरी. भाजल्याची नाही हो, विणल्यासारखी."

अकरा वर्षं भट्टीच्या तोंडाशी उभं राहून, रोजच्या धगीनं ती नवऱ्याच्या कातडीत उमटली होती. लग्नानंतर पहिल्यांदा दिसली तेव्हा ती घाबरली, मग हसली. "मासे धरायला निघालात की काय?"

"निघालो होतो," तो म्हणाला, "तू सापडलीस."

सुट्टीच्या दिवशी ती त्या पायांना तेल चोळायची. चोळता चोळता गुणगुणायची,

आगीनं विणलं जाळं, ना सुई ना गं दोरा
लाखांत ओळखीन बाई, माझा मी नवरा

"दाखवा," ती म्हणाली. "घेऊन जाते मी त्यांना."

मदतनिसानं पहिली चादर गुडघ्यापर्यंत सारली. तिनं दोन्ही पावलं धरली, कपाळ टेकलं. "किती गार पडलात हो! हेच. हेच माझे."

मदतनिसानं दुसरी चादर सारली. मग तिसरी.

सहा नडग्या. सहांवर तीच जाळी.

"भट्टीवर सगळ्यांनाच होतं हे, वहिनी," तो हळूच म्हणाला. "बाहेर बाकावर दोघी बसल्यात. त्यांनीही हीच खूण सांगितली."

तिनं हात मागे घेतले. दुसऱ्यापाशी गेली. तिसऱ्यापाशी. पुन्हा पहिल्यापाशी. इतकी वर्षं तेल चोळलेली बोटं, पण त्यांना काही केल्या आठवेना.

ती बाहेर आली तशा बाकावरच्या दोघींनी माना वर केल्या.

"पटली का गं ओळख?" थोरलीनं विचारलं.

तिनं मान हलवली, नाही म्हणून. दोघींचे हात धरून त्यांना उठवलं.

"चला. तिघी मिळून तिघांपाशी रडू," ती म्हणाली. "ज्याचं त्याला पोचेल."