शेवटचं कडवं

फोन ठेवल्यावर शिवरामनं चष्मा पुसला आणि रखमाला म्हणाला, "झालं. मिलिंद गेला कामातून."

"कोणाचा फोन?"

"दिल्लीचा. संगीताच्या राष्ट्रीय पुरस्कारवाल्यांचा. इरा म्हणून कोणी बाई होती."

रखमा भाजी निवडत होती. "वर्षभर त्या पोराच्या नावानं दात खाताय. दात तरी उरलेत का?"

शिवरामनं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. विठ्ठलवाडीच्या याच खोलीत त्यानं मिलिंदला ताल शिकवला, शब्द शिकवले. चैत्यभूमीला, वस्त्यांमधल्या जयंत्यांना सोबत नेलं. आणि पोरगा मोठा होताच त्यानं काकाचंच गाणं उचललं.

गाणं शिवरामच्या आईवर होतं. ती अंबरनाथला काडेपेट्यांच्या कारखान्यात काड्या भरायची आणि घरी अंधारात बसायची. शाहिराची रीत म्हणून शेवटच्या कडव्यात शिवरामनं आपलं नाव गुंफलं होतं. मिलिंदच्या आवाजात ते देशभर गाजलं ते तीनच कडव्यांचं. चौथं कापलेलं. नेमकं नावाचं.

त्यानंतर मिलिंद खरवईच्या नव्या फ्लॅटवरून एकदा आला होता. "जयभीम, काका. तीन मिनिटांत बसेना म्हणून कंपनीनं..." एवढंच ऐकून शिवरामनं दार लावलं. पुढं फोन आले, तेही उचलले नाहीत.

"काहीतरी विचारायचं होतं त्याला," रखमा तेव्हा म्हणाली होती.

"माफी मागायची असेल. मागू दे दाराला."

आणि आता सूड घरबसल्या चालून आला होता. इरानं अदबीनं विचारलं होतं, "सर, या गाण्याचे शब्द कोणाचे, एवढी खात्री करायची होती."

"मिलिंदनं काय लिहून दिलंय?"

"ते मला सांगता येत नाही, सर. परीक्षकांना तुमच्या तोंडून हवंय."

'माझे' हा शब्द शिवरामच्या जिभेवर आला होता. पण त्यानं काय होणार? मिलिंद स्टेजवर काकाचे पाय धरणार, डोळे पुसणार आणि टाळ्याही त्यालाच. त्यापेक्षा गाणं कोणाचंच नको. नव्या गाण्यांच्या स्पर्धेत जुन्याला जागा नसते, हे त्याला ठाऊक होतं.

"पारंपरिक आहे, बाई. कारखान्यातल्या बायका गायच्या. कोणी रचलं, कोण जाणे."

"नक्की, सर? म्हणजे तुमचेही नाहीत?"

"माझे? छे."

"मग तशीच नोंद करते, सर," म्हणून इरानं फोन ठेवला होता.

सोहळ्याच्या संध्याकाळी शिवरामनं कडक इस्त्रीचा सदरा घातला आणि टीव्हीसमोर बसला. रखमा हसली. "तुम्हालाच बोलावलंय वाटतं!"

"कोणाचं तरी तेरावं म्हणून समज."

सर्वोत्कृष्ट गीतकाराची पाळी आली. निवेदक म्हणाला होता पाच नावं, वाचली चार. मिलिंदचं नाव त्यात नव्हतं. पुरस्कार आसामच्या एका कवीला गेला. शिवरामनं मांडीवर थाप मारली.

"बघितलंस? आता कळेल त्याला, नाव कापलं की कसं वाटतं."

रखमा पडद्याकडं बघत राहिली. "पोरगा वाळलाय हो."

मिलिंद डफ घेऊन स्टेजवर उभा होता. त्याला फक्त गायला बोलावलं होतं. तो माइकजवळ आला.

"गीतकार म्हणून मी माझं नाव कधीच दिलं नव्हतं," तो म्हणाला. "मी माझ्या गुरूंचं नाव दिलं होतं. शेवटच्या यादीत ते होतं. परवा काढलं. का, ते मला कोणी सांगत नाही. पण आज मला कोणी थांबवणार नाही. आज मी गाणं पूर्ण गाणार."

रखमानं हळूच नवऱ्याकडं पाहिलं. शिवरामनं पाहिलं नाही.

पहिली तीन कडवी सगळं सभागृह सोबत गात होतं. मग डफ थांबला आणि मिलिंदनं एकट्यानं सूर धरला,

"शिवराम म्हणे, माये, राख एक काडी,
तुझ्या लेकाच्या नावानं पेटव दिव्याला."

लोक उभे राहिले. टाळ्या थांबेनात. आणि पडद्याच्या खालच्या कडेला, मिलिंदच्या पायाशी, पांढऱ्या ठळक अक्षरांत ओळ आली : 'गीत : पारंपरिक.'