डोंगराचा पडदा

आता भीमाची गदाही गेली होती.

रामकिसननं मंडळाच्या खोलीचा कोपरा न् कोपरा धुंडाळला. तो मंडळाचा चिटणीस, नाटकाचा लेखक आणि भांडणं मिटवणाराही तोच, त्यामुळं शोधायला दुसरं कुणी येणार नव्हतं. आधी बकासुराची दाढी गेली, मग कुंतीचं गंगावन, आता गदा. प्रयोग तोंडावर आला की काहीतरी नाहीसं व्हायचं आणि तारीख पुढं जायची.

"कलामंडळ काढलं का भुताटकी?" कारभारी दारातून म्हणाला. तो कुंतीचं काम करायचा. तारीख पक्की होईपर्यंत मिशी काढणार नाही असं त्यानं बजावलं होतं, आणि तालमीत झुपकेदार मिशीची कुंती बघून गाव फुकटात करमणूक करून घेत होतं.

घाटमाथ्यावरच्या त्या गावात निजामाच्या अमलात चार माणसांना जमायचीही चोरी होती. पोलीस ॲक्शन झाली आणि पुढच्याच वर्षी रामकिसन आणि गयास या दोन मित्रांनी कलामंडळाची पाटी लावली. पाटी गयासनं रंगवली. पडदाही त्याचाच. मांजरपाटावर गावामागचा डोंगर आणि त्यावरून उतरणारं ऊन. भीमही तोच, कारण गावात तेवढ्या छातीचा दुसरा माणूस नव्हता. मंडळाची खोली म्हणजे त्याच्याच घराची मागची खोली. ती झाडूनपुसून ठेवायचं काम त्याच्या बायकोनं, सगीरानं, आपणहून घेतलं होतं.

पण गयास जाणार होता. धामधुमीत त्याचे भाऊ हैदराबादला गेले ते तिथंच राहिले, आणि आता याला बोलावत होते. "पैला प्रयोग करतो अन् मगच जातो. जबान दिली," असं त्यानं रामकिसनला सांगितलं होतं.

रामकिसन तसाच पुढच्या घरात गेला. भिंतीला लागून पत्र्याची मोठी पेटी होती, जाण्यासाठी भरून कुलूप घातलेली. घरात बसायला दुसरं काही नव्हतं, म्हणून तो नेहमी तिच्यावरच बसायचा. डोक्यावर खुंट्यांना घरातले कपडे लटकत होते.

सगीरानं चहाची बशी पुढं केली. "किसनभाऊ, तुमचं नाटक होणार तरी कवा? मी पेटी भरून बसलीय."

"गदा गेली, भाभी."

"मागच्या खोलीत घुशी लई माजल्यात."

"घूस गदा नेती व्हय?"

"कागदाची तर गदा. दुसरी करा लवकर. ह्यांचे भाऊ वाट बघत्यात."

रामकिसनला तिचा रागच आला. गयास जाणार या विचारानं त्याला अन्न गोड लागत नव्हतं, आणि ही बाई उंबऱ्यावर एक पाय टाकून बसली होती. पण नाटक झालं नाही तर मंडळ मोडणार, हेही त्याला दिसत होतं. त्यानं चहा संपवला आणि खळ शिजवायला गेला.

नवी गदा झाली. गंगावन, दाढी उसनी आणली. लासूर स्टेशनच्या अडतीवरून गॅसबत्त्या आल्या. दवंडी पिटली गेली आणि कारभाऱ्यानं अखेर मिशी काढली.

प्रयोगाच्या दिवशी सकाळी खोलीत नुसता बांबू टांगलेला होता. पडदा नव्हता. कोपऱ्यातली नवी गदाही नव्हती.

कारभाऱ्याचा हात सारखा बोडक्या ओठावर जात होता. "खोली कुणाच्या घरात हाय? गाव सोडून कोण चाललंय? म्या आता तोंडानं कशाला सांगू?"

"कारभारी, जीभ आवर," रामकिसन म्हणाला.

उशीर झाला होता. गयास दारातच उभा होता. त्यानं बांबूकडं पाहिलं, मग कारभाऱ्याकडं. स्वतःच्या हातानं रंगवलेला पडदा आपणच चोरला, हे ऐकून त्याला रागही आला नाही. तो फक्त एवढंच म्हणाला, "उद्याच्या मोटारीनं आम्ही निघतो, रामकिसन. माझी जबान मला वापस दे."

दुसऱ्या दिवशी उजाडताच रामकिसन त्याच्या घरी गेला. कारभाऱ्याला पाया पडायला लावीन, नवा पडदा आणीन, असं बरंच काही त्यानं वाटेत जुळवलं होतं. पण गयास मोटारीत जागा धरायला गेला होता. घरात एकटी सगीरा, पेटीवर बसलेली. खुंट्यांवरचे कपडे अजून तसेच होते.

"उठा, भाभी," तो हरल्यासारखा म्हणाला. "पेटी टपावर चढवावी लागल."

सगीरा हलली नाही. इतके दिवस घाई करणारी ती बाई आज जमिनीकडं बघत होती. मग तिनं गळ्यातल्या दोऱ्याची किल्ली सोडली, रामकिसनच्या तळहातावर ठेवली आणि बाजूला झाली.

त्यानं कुलूप काढून झाकण उचललं. वरच भीमाची गदा होती, नवी. तिच्याशेजारी जुनी. बकासुराची दाढी होती, कुंतीचं गंगावन होतं. त्यांच्याखाली नीट घडी घातलेला गावामागचा डोंगर होता, उन्हासकट. त्यानं तळापर्यंत हात घालून पाहिला. घरातलं एक धडुतंही पेटीत नव्हतं.

"चला," बाहेरून गयासचा आवाज आला. "मोटार लागली."

रामकिसननं झाकण दाबलं, कुलूप लावलं आणि किल्ली सगीराच्या हातात परत दिली. मग तो पेटीवर ऐसपैस बसला.

"मोटार जाऊ दे, गयास," तो ओरडून म्हणाला. "जबान वापस मिळायची नाय. पैला प्रयोग व्हायचाय अजून, अन् पडदा कुणी नेला त्याचा तर काहीच पत्ता नाय. भाभी, च्या टाका."