अव्वाला रडवायचं

शिवकन्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर मरून पडली होती आणि तिची आई बसम्मा भाकरी थापत होती. तोंडाला फेस यावा म्हणून शिवकन्येने साबण चघळला होता, हातपाय ताठ केले होते. मध्येच तिने एक डोळा किलकिला करून आईकडे पाहिलं.

"झालं का मरून?" तव्यावरची भाकरी उलटत बसम्मा म्हणाली. "मग ताट घे. गार व्हायली."

पोरगी तेव्हा दुसरीत होती. साप चावल्याचं, ताप भरल्याचं, चक्कर आल्याचं, सोंगांना काही तोटा नव्हता. वडील धोंडप्पा दर वेळी फसायचे. शिरूर अनंतपाळच्या बाजारातलं किराणा दुकान उघडं टाकून धावत घरी यायचे आणि डॉक्टरला फोन लावायचे. शेजारच्या कस्तुराबाई तर लगेच नवस बोलून मोकळ्या व्हायच्या. अव्वा तेवढी जागची हलायची नाही. आईला ती अव्वा म्हणायची. या अव्वामुळेच शिवकन्या इरेला पेटली. बाकीची पोरं बक्षिसासाठी नाटकात जातात; ही गेली ती अव्वाला एकदा तरी फसवायचं म्हणून.

गॅदरिंगला कधी ती भिकारीण झाली, कधी आंधळी, तर एकदा विधवासुद्धा. आख्खं गाव हुंदके द्यायचं. बसम्मा पहिल्या रांगेत बसून भुईमुगाच्या शेंगा सोलायची. रडता रडता शिवकन्या बोटांच्या फटीतून तिच्याकडे बघायची. डोळ्यांत टिपूस नाही. जीव जळायचा पोरीचा. घरी आल्यावर "कसं झालं?" म्हणून विचारलं, की अव्वा म्हणायची, "चांगलं केलीस की." मग तर तिला जेवणच जायचं नाही.

लातूरला कॉलेजात गेल्यावर एकांकिका स्पर्धा आली. नाटकात तिला भावाच्या प्रेतावर पडून रडायचं होतं. अव्वाला तिने मुद्दाम बोलावून घेतलं आणि पुढच्या रांगेत मधोमध बसवलं. आज अव्वा नाही रडली तर नाटक सोडून अप्पाच्या दुकानात तागडी धरीन, असं मैत्रिणीला, अंजूला, सांगूनही टाकलं. अंजू हसली. शिवकन्या हसली नाही.

प्रसंग आला. ती अनवाणी धावली आणि नेपथ्याच्या फळीतून वर आलेला खिळा तिच्या तळव्यात घुसला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. पण रंगमंचावर थांबायचं नसतं, हे तिच्या अंगात मुरलेलं होतं. तिने खिळ्यावरून पाय ओढून काढला, प्रेतावर अंग टाकलं आणि एक वाक्य न चुकता ती रडत राहिली. पाय लुगड्याच्या घोळात झाकलेला होता. समोर माणसं बसली आहेत याचंही तिला भान नव्हतं. थिएटर चिडीचूप झालं होतं. पडदा पडला तेव्हा टाळ्या काही केल्या थांबेनात.

विंगेत अंजूने तिला मिठीच मारली. "शिवे, तुझी अव्वा लई रडली! मधीच उठून उभी राहिली, ते पडदा पडेस्तोवर बसलीच न्हाई!"

शिवकन्या पायाचं दुखणं विसरली. एवढ्या वर्षांनी ती जिंकली होती. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत बसम्मा समोर आली. तिचे डोळे लाल झाले होते.

"फसलीस का न्हाई शेवटी?" शिवकन्येला हसू आवरत नव्हतं.

बसम्मा खाली बसली, लुगडं बाजूला सारून तिने लेकीचा पाय मांडीवर घेतला आणि रक्ताने भरलेल्या तळव्यावर आपला पदर दाबून धरला. अंजू किंचाळली. शेजारी उभं राहूनही तिला पत्ता लागला नव्हता.

शिवकन्येचं हसू मावळलं. "तुला कसं कळालं, अव्वा?"

"सोंगाचं रडताना तू माझ्याकडं बघतीस," पदर तसाच धरून बसम्मा म्हणाली. "आज बघितली न्हाईस."