ट्रंकेतलं झबलं

डॉक्टरीणबाईंचं बोलणं अर्ध्यावर असतानाच मोहनरावांनी सणसरला बायकोला फोन लावला. तिकडं घरी नातवाचं बारसं. पाळणा सजलेला, आळीतल्या बाया जमलेल्या. बाळाच्या रक्ताचा नुसता रिपोर्ट आणायला म्हणून काल पहाटे बारामतीला आलेले मोहनराव, रिपोर्ट लांबल्यानं तेवढे तिथंच अडकलेले.

"रतन, त्ये ट्रंकेतलं झबलं पोराला घालू नगंस."

घरातलं हरेक लेकरू बारशाला तेच झबलं घालायचं. लेक अनितासुद्धा त्यातच मिरवलेली. एरवी ते ट्रंकेत, डांबरगोळ्यांच्या वासात, जपून ठेवलेलं.

"का वं? कसर लागली?"

"डांबरगोळीचा वास त्याला चालत न्हाय. रक्तात एक एन्झाईम कमी हाय म्हंत्यात. त्या वासानं रक्तच फुटतं आतल्या आत."

फोन स्पीकरवर होता. तिकडं हशा पिकला.

"ऐकलं का गं? आज डागतर झाल्यात!"

मोहनरावांना आपल्याच खोड्या आठवल्या. गेल्याच महिन्यात फोनवर आवाज बदलून, तलाठी होऊन त्यांनी मेव्हण्याला दिवसभर चावडीत बसवलं होतं. व्याह्याशी तर बँकेतली मॅडम होऊन तासभर गोड बोलले होते. गाव आठवडाभर हसलं. सगळ्यात जास्त ते स्वतः.

"आईच्यान खरं सांगतोय!"

"तलाठी झालता तवाबी आईचीच आण घेतली हुती."

"अनिताला दे फोन."

"ती न्हातीया."

डॉक्टरीणबाईंनी फोन ओढून घेतला. "आजी, मी डॉक्टर बोलतेय. एवढ्याशा बाळाचं लिव्हर कच्चं असतं, त्याचं काम अजून नीट सुरू झालेलं नसतं. रक्त फुटून झालेली कावीळ त्याला आवरणार नाही, ती मेंदूत चढते. ते कपडे लांब ठेवा आणि बाळाला आत्ता इकडं घेऊन या."



"आवाज ब्येस काढलाय या बारीला," रतनबाई म्हणाल्या. "त्या मॅडमपरीस ब्येस."

पुन्हा हशा. कुणीतरी टाळीसुद्धा दिली.

मोहनरावांनी दोन्ही हातांनी फोन धरला. "रतन, पाया पडतो तुझ्या. झबलं घालू नगंस."

"घालू नगं काय? माप बघाया म्हनून घातलं, त्ये कालच्या सकाळपासनं अंगातच हाय त्याच्या. किती शहाणं झालंय म्हनून सांगू! रडत न्हाय, दूधबी मागत न्हाय, नुसतं झोपून हाय. अन् रंग तर असा उजळलाय, हळद लावल्यागत."

मागं बायांनी पाळणा म्हणायला सुरुवात केली.