धनुर्धारी पुढे कसा आला

काल दिवेलागणीला जानकीने धनुर्धाऱ्याला मागच्या ओळीत ठेवले होते. आज सकाळी फोनवरचा खेळ उघडला तर तो सगळ्यांच्या पुढे उभा होता, आणि त्याच्या डोक्यावरचा आकडाही वाढलेला.

घरात कुणाला काही न विचारता तिने न्हाऊन तुळशीला पाणी घातले, देवापुढे बसून जप पुरा केला आणि मग सॅविओला फोन लावला. सॅविओ तिच्या नवऱ्याचा, सुदेशचा, शाळेपासूनचा मित्र. हा खेळ दोघे एकत्र खेळत.

"भावजी, माझा काय तरी चुकता. जाता जाता येवा आणि माका पयल्यापासून शिकवा."

कंपनीच्या बोटीवर जायच्या दिवशी सुदेशने हा खेळ आपल्या खात्यासकट तिच्या फोनवर घालून दिला होता. भर दर्यात रेंज नसते, आणि एक दिवस हजेरी चुकली की बक्षीस बुडते. "दिवसातना एकदा उघड, हजेरी लाव, बस," असे सांगून तो गेला होता. जानकीची हजेरी अजून एकदाही चुकली नव्हती.

सॅविओ आला तेव्हा ती घरापुढच्या खळ्यात कोकमासाठी रातांबे फोडत बसली होती. हात मनगटापर्यंत लाल. फोन शेजारी पाटावर. सॅविओने आपला फोन पायरीवर ठेवला आणि तिचा हातात घेतला.

"अरे वा. वयनी, तुमी तर सुदेशापेक्षा बरी फौज सांभाळलास. तो येयसर तुमीच आमच्या टोळीचे मुख्य होतलास."

"चेष्टा नको. शिकवा."

"पयला म्हणजे, सगळ्यांका एकदम वाढवूचा नाय. एकच वीर धरूचो, जा काय आसा ता त्येकाच घालूचा. ढालवालो पुढे. औषध देणारी बाई मागे, ती मेली काय सगळे मेले. आणि धनुष्यवालो तर एकदम पाठी."

"ताच मी केलेलंय," जानकी म्हणाली. "मगे तो पुढे कसो इलो?"

"हात लागलो आसतलो."

"आणि वाढलो कसो? आपसूक वाढतत काय ह्ये?"

"नाणी आपसूक जमतत. वीर वाढवूक कोणीतरी बोट लावूक व्हया." बोलून झाल्यावर सॅविओने फोन पाटावर परत ठेवला. "तुमीच लावलास आसतला. नकळत."

जानकीने एक रातांबा फोडला, बिया टोपात टाकल्या.

"आसतला," ती म्हणाली.

सॅविओ भरभर पुढचे सांगू लागला. रत्ने जपायची. नवी माणसे तिथेच फसतात, दिसेल त्या वीरावर उधळून बसतात. सुदेशने केवढी साठवली आहेत बघा. आज दुपारपर्यंत एक खास वीर मिळतो, ती सगळी त्याच्यासाठीच.

"आज दुपारपर्यंत?"

"होय."

"आणि ह्येंका दर्यात रेंज नाय."

"नाय मां. बिचाऱ्याचा नशीब."

"मगे आपणच काढूया त्येका. ह्येंका बरा वाटात." तिने फडक्याला हात पुसले आणि फोन घेतला.

"नको वयनी." सॅविओने पडद्यावर तळवा धरला. "ता त्येकाच करूंदे."

"कसा करतले?"

सॅविओने हात काढून घेतला. तेवढ्यात पडदा काळा झाला आणि इंग्रजीत एक ओळ आली. जानकीने ती सावकाश वाचली. हे खाते दुसऱ्या फोनवर उघडले आहे, तुम्ही बाहेर पडला आहात.

तिने सॅविओकडे पाहिले. त्याचे दोन्ही हात मांडीवर होते. त्याचा फोन पायरीवर तसाच पडलेला.

"सर्व्हरचो घोळ आसतलो," तो म्हणाला.

"पासवर्ड कोणाकोणाक म्हायत आसा?"

"तुमका," सॅविओ म्हणाला. मग हळूच, "आणि सुदेशाक."

जानकीने पासवर्ड घातला. खेळ उघडला. ढालवाला, धनुर्धारी, सगळे जागच्या जागी होते. तिने नवा वीर काढायच्या बटणाकडे बोट नेले, तोच पडदा पुन्हा काळा. तीच ओळ. तिने पुन्हा पासवर्ड घातला. पुन्हा बाहेर. एकच दार ती इकडून लोटत होती आणि कुणीतरी तिकडून. फडक्याने पुसूनही बोटे ओलीच होती, काचेवर लाल ठसे उमटत गेले. सॅविओ माडांकडे बघत बसला होता.

मग एकदा ती आत गेली आणि तिला कुणी बाहेर काढले नाही. रत्नांच्या जागी शून्य होते. रांगेच्या टोकाला सोनेरी चिलखतातला एक नवा वीर उभा होता, श्वास घेतल्यासारखा हलत.

"गावलो ह्येंका," जानकी म्हणाली.

पायरीवरचा फोन थरथरला. पुन्हा थरथरला. सॅविओने तो न बघताच पालथा केला.

"बघा तरी भावजी. आनंदाची बातमी आसतली."

"वयनी, तो खंय आसा ता माका खराच म्हायत नाय."

"मी विचारूक नाय."

ती उठली. नळाखाली हात धुतले, आत गेली आणि ताटात भात, वर कढी घेऊन बाहेर आली. सॅविओसमोर खळ्यातच मांडी घालून बसली. ऊन अजून माथ्यावर होते. दिवसभर पाण्याशिवाय काही न घेता ही बाई रात्री एकदाच जेवते, हे साऱ्या वाडीला ठाऊक होते.

"वयनी," सॅविओ पुटपुटला, "तुमचो उपास..."

"तो ह्ये दर्यात आसत म्हणान धरलेलंय," जानकी म्हणाली आणि भात कालवू लागली.