तोलोबाची शेवटची पायरी

खांद्यावर बांधाचा दगड घेऊन दीर देवळाच्या पायऱ्या चढू लागताच ढोलांनी एकच जोर धरला आणि वर शेवटच्या पायरीशी उभी असलेली सगुणा त्या दगडाकडे पाहू लागली. तिच्या वैधव्याच्या पहिल्याच वर्षी त्याने हाच दगड सरकवून तिचे अर्धे शेत गिळले होते.

तोलोबाला हार-नारळ चालत नसे. बळकावलेले परत आणून ठेवणे हीच त्या न्यायदेवाची पूजा. शेवटच्या पायरीवर मात्र नाडलेल्याने स्वतः हात लावला, तरच देव ते स्वीकारी.

तिथे दीर थांबला. ढोल थांबले.

"वहिनी, हात लावता ना?"

"अकरा वर्षांनी वहिनी आठवली होय, भावजी?"

गर्दी हसली. तो घामाने निथळत, मान खाली घालून उभा होता. सगुणाने पदर खोचला आणि दगडाला हात घातला. ढोल कडाडले.

"सांभाळून!" ती ओरडली, "परत बांधावर न्यायचाय!"